कुंपणामागचं अळू

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या कुंपणामागे ओढा आहे; पण कुंपणाला दार नाही, गाडीने वळसा घालून जावं लागतं. दर शनिवारी आसपासची माणसं तिथे जमतात, बाहेरून आलेलं तण उपटतात, इथलं मूळचं गवत लावतात. मग झाडाखाली बसून उपटलेल्याच पानांना रंग फासून कापडावर ठसे घेतात. हे सगळं जमवणारी बाई मानसशास्त्र शिकवते. हात गुंतले की माणूस बोलायला लागतो, असं तिचं म्हणणं. मुलं कॉलेजला गेल्यापासून बायको घरात बोलेनाशी झाली होती. तिथे बोलायची, हसायचीसुद्धा.

या वसंतात आमच्या घरामागच्याच वळणावर अळू सापडलं. अख्खा काठ व्यापलेला.

"अगं बाई, हे तर वडीचं अळू!" बायको केवढ्याने ओरडली.

"हे इथलं काही जगू देत नाही," बाई म्हणाली. "कुणीतरी आणून टाकलंय."

"चला, चोर सापडला!" कुणीतरी हसलं. थट्टाच होती. बायकोचा चेहरा मात्र उतरला.

"सॉरी. माझंच असणार. थंडीत कुंडीतलं अळू गेलं, तेव्हा माती मी इथेच ओतली होती."

मी शेजारीच होतो. हातात फावडं.

कुंडीतलं अळू थंडीत गेलं नव्हतं. बायको सगळ्या मराठी मंडळाला पानं वाटायची, दाराशी सतत कुणीतरी काकू. एकदा घरून काम करताना ऐन मीटिंगमध्ये बेल वाजली आणि माझं डोकं फिरलं. संध्याकाळी कंद उपटून कुंपणापलीकडे भिरकावले आणि तिला सांगितलं, थंडीने गेलं. तिने परत अळू लावलं नाही.

पुढच्या शनिवारी ती निघेना. "लोक इतकं राबतात, आणि मी घाण करून ठेवली. कुठल्या तोंडाने जाऊ?"

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. फार थकलो होतो, एवढंच. धैर्य वगैरे काही नाही.

तिने ओटा पुसायला घेतला. "म्हणजे मी सॉरी म्हणत होते, तेव्हा तू फावडं धरून उभा होतास."

एकटाच गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं. ऑफिसातल्या इंग्रजीत सुरुवात केली, ती मध्येच संपली. कुणी रागावलं नाही. बाईने नुसते हातमोजे पुढे केले. मी ते घातले नाहीत. दुपारपर्यंत कंद खणले, कोपरापर्यंत खाज सुटली. निघताना बाईने बायकोचं अर्धवट ठशांचं कापड घडी करून दिलं. मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी गाडी सुरू केली, तर ती कापड घेऊन आली. मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसली.