पुरात पळून जाणारं कासव

कळमेश्वरच्या बाजूला नदीकाठी आमचं वावर होतं आणि वावरात विहीर. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं, असं आमच्याकडे सगळेच मानत. म्हणून आईनेही एक सोडलं होतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. एरवी कासव महा आळशी. पण मोठा पूर आला की विहीर काठोकाठ भरायची आणि महाराज आरामात पोहत बाहेर पडायचे. पूर ओसरला की खालच्या वावरात साचलेल्या पाण्यात बेडूक, गोगलगाई खात मजेत सापडायचे. पाठीवर बादलीचा ओरखडा होता, त्यावरून आमचंच हे कळायचं.

आईला याचा भारी राग. "काय कमी करून राहिली मी याले?" म्हणत ती त्याला टोपल्यात घालून परत आणायची आणि विहिरीत सोडताना चांगला दम भरायची. मला मात्र त्या पळपुट्याचं कौतुक वाटायचं.

एका वर्षी पूर ओसरला तरी ते सापडेना. आईचं कशात लक्ष लागेना. दसरा आला, तसा बाबांनी हरभऱ्यासाठी खालच्या वावरात वखर जुंपला. पुराने आणलेला काडीकचरा वेचत आई पुढे चालली होती, ती एकदम थांबली. मऊ गाळात मागच्या पायांनी खड्डा करून आमचे महाराज अंडी घालत होते.

मी तर हसतच सुटले. आई हसली नाही. विहिरीच्या सरळ दगडी भिंतीत बिचारीने अंडी घालावी तरी कुठे, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

बाबा म्हणाले, "बाजूले ठेव वं तिले. वाफसा चालला, जमिनीतली ओल उडून जाईन. वखर जाऊ दे."

आई बैलांसमोर उभी राहिली. "इथून वखर नाही जात."

"अवं, एवढी गाळाची जमीन पडीक ठेवू काय?"

"पोरगी झाली तवा असाच पूर होता. मले बाळंतपणाले माहेरी नाही जाता आलं. हे बिचारी इथं बाळंतपणाले आली, तर तुमी वखर घेऊन उभे."

ती पोरगी म्हणजे मी. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.  बाबांनी बैल वळवले, आणि संध्याकाळी स्वतः बोरीचे काटे तोडून आणून त्या तुकड्याला कुंपण घातलं.