आईसाहेबांच्या गमती

लेक कुणाशी बोलत असेल, ही काळजी आईच्या मनातून जाता जात नव्हती. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात एकटी राहणारी पोर. फोन केला की "हो", "बरं", "बघते" एवढ्यावर आटोपायची. मनातलं मनातच ठेवून कुढत बसेल, असं तिला वाटायचं. म्हणून ती रोज काहीतरी निमित्त काढून फोन करायची आणि पलीकडून शब्द आला नाही की दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची.

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून नंबर तपासायचा, काड्या कानामागे नीट बसतात का बघायचं, सैल झालेले बारीक स्क्रू पिळायचे. गर्दी ओसरली की काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तिची फेरी सुरू व्हायची. आधी हवामान, तेही लेकीच्या शहराचं. मग तिथल्या बातम्या, कुठे पाणी तुंबलं, कुठला रस्ता बंद. मग आरोग्याची एक वेबसाइट. काही शोधायचं तर ती पूर्ण वाक्य लिहायची, अगदी "कृपया" सकट, आणि उघडलेलं पान कधी बंद करायची नाही. न जाणो, पुन्हा लागलं तर? मागच्या खोलीत भिंगं घासणारा कारागीर, ज्याला दुकानात सगळे भाऊ म्हणत, म्हणायचा, "ताई, या मशीनला एक दिवस धाप लागणार." तो स्वतः जुन्या मोटारी विकणाऱ्या साइटवर तासन्‌तास रमायचा. मोटार सोडा, त्याला सायकलही धड चालवता येत नव्हती.

सगळ्यात शेवटी, गोड घास मागे ठेवावा तशी, ती आपली आवडती वेबसाइट उघडायची: ‘आईसाहेबांच्या गमती’. कुणी एक मुलगी नाव न सांगता आपल्या आईवर लिहायची. या आईसाहेब शाळेत गणित शिकवायच्या, अंगानं भारदस्त होत्या आणि "जेवलीस का" विचारल्याशिवाय फोनवर श्वास घेत नसत. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. भाऊलाही तिनंच नादी लावलं होतं. लेकीला लिंक पाठवून तिनं लिहिलं होतं, "वाच, हसून लोळशील. कसल्या एकेक आया असतात." उत्तर आलं, "बघते."

अलीकडे तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले होते. आरोग्याच्या साइटवर जे वाचलं त्यानं तिची झोप उडाली. दुकानात कळलं तर नंबर तपासायला कोण बसवणार होतं? तिनं फक्त लेकीला सांगितलं. दुधात मुंग्या पडल्यासारखं दिसतं, म्हणाली, आणि बजावलं, "कुणाजवळ बोलू नकोस, बाळा." त्या दिवशी लेकीनं चक्क सगळी चौकशी केली. कसं दिसतं, कधी दिसतं, कुठे कुठे वाचलंस. आईला भरून आलं होतं.

एका दुपारी भाऊ चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि फोनवरून मोठ्यानं वाचायला लागला.

"‘आईसाहेबांना आता एक वेबसाइट सापडली आहे. कुणी मुलगी आपल्या आईची टिंगल करते म्हणे. मला लिंक पाठवलीय, हसून लोळशील म्हणून. मी म्हटलं, बघते.’"

भाऊला हसू आवरेना. तिलाही हसू आलं, आणि तोंडातल्या तोंडात राहिलं.

"पुढे तर कहर आहे. ‘शिवाय सगळ्या साइटी पालथ्या घालून त्यांनी स्वतःला आंधळं ठरवलंय. डोळ्यापुढे दुधातल्या मुंग्या फिरतात म्हणे. गणिताच्या बाई त्या, उद्या मुंग्यांची हजेरी घेतील.’"

तिच्या चिमट्यातला स्क्रू निसटून काउंटरखाली गेला. तिनं तो शोधला नाही.

"बिचारी बाई," भाऊ म्हणाला. "स्वतःवरच हसतेय आणि तिला पत्ता नाही. ताई, तुम्ही पण पाठवली होतीत ना लेकीला? काय म्हणाली?"

"तिला कुठला वेळ," ती म्हणाली. "बघितलीच नसेल अजून."

भाऊ आत गेल्यावर तिनं मागचे सगळे लेख उघडले. गणित आणि भारदस्त अंग काढून टाकलं की खाली तीच होती. तेच हवामान, तीच न मिटलेली पानं, तेच "कृपया". एका लेखाखाली तर तिनं स्वतः लिहिलं होतं, "मुली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. फार हसवते." त्याखाली उत्तर होतं, "नक्की सांगते, काकू."

म्हणजे पोर कुढत नव्हती. भरभरून बोलत होती, ओळखीच्या नसलेल्या हजार माणसांशी.

नंबर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा तक्ता होता आणि त्यावरून ठिपके सावकाश सरकत होते. तिनं फोन काढला. जेवलीस का, असं आज विचारायचं नाही. रडायचंही नाही. ती वेबसाइट बघितलीस का, एवढंच विचारायचं, आणि मग पलीकडून उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, आपण एक शब्द बोलायचा नाही.

तिनं लेकीचा नंबर लावला.