पुंजण्यात हरवलेली अन्नपूर्णा

मी आयुष्यात एकदाच देव हरवला आहे, आणि तोसुद्धा नीट यादी करून.

ईरा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, थंडीत सकाळी उठावंसंच वाटत नाही. तुम्हाला शेतावर जायचा उत्साह येतो तरी कुठून?" मागून निहार ओरडला, "आजीकडे टाइमटेबल असतं!" तुम्ही दोघं कॅनडात बर्फाच्या ढिगाऱ्यात, आणि उत्साहाचा पत्ता विचारता आसगावच्या आजीला! उत्साह कुठून येतो ते मला सांगता येणार नाही. पण गेल्या हिवाळ्यात तो आपल्या घरी कसा आला, ते मला पक्कं ठाऊक आहे. तो माझ्या मूर्खपणातून आला. (हे वाक्य तुमच्या आईला वाचून दाखवू नका.)

झालं असं, की गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि तुमचे आबा रजईत शिरले. आजारी नव्हते. ताप नाही, खोकला नाही. गुडघा थोडा कुरकुरत होता, पण तो गेली दहा वर्षं कुरकुरतोच आहे. कार्तिकात एकही काकडआरती न चुकवलेला हा माणूस. पण गेल्या वर्षी मंदिराचा भोंगा वाजला की रजई आणखी वर ओढायचा.

"अहो, आरती सुरू झाली."

"होऊ दे."

"देव वाट पाहत असेल."

"देवाले पन थंडी वाजते. तो बी झोपला असन. तू कायले त्याले उठवतं?"

इतकं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "पुढच्या सालपासून शेती बटईनं देऊन टाकू. आता मन नाही लागून राहिलं." तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे एक गोष्ट मला कळते: वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसला, तर त्याला ओरडून उपयोग नसतो. पण विचार करा: हा माणूस बांधावर उभा राहून, नुसत्या लोंबीचा रंग बघून, कापणीचा दिवस सांगतो. तो शेती वाट्यानं दुसऱ्याला कसायला देणार!

तर आता अन्नपूर्णेकडे येते. आपल्या देवघरात अंगठ्याएवढी पितळेची अन्नपूर्णा आहे, हातात पळी धरलेली, ती तुम्ही पाहिली आहे. ती तुमच्या पणजीची, म्हणजे आबांच्या आईची. सगळ्यांची अन्नपूर्णा वाटीभर तांदळावर बसते. आपली बसते धानावर, म्हणजे न कांडलेल्या, टरफलासकट दाण्यांवर. सासूबाईंचा तसा कडक नियम होता. "धान पिकवणाऱ्याच्या घरची देवी धानावरच बसते," त्या म्हणायच्या, "तांदूळ का, दुकानात बी भेटते." तेव्हापासून दरवर्षी नवं धान आलं की वाटीतलं जुनं धान बदलायचं, पण तिच्या जवळपास तांदूळ येऊ द्यायचा नाही. (हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

दुसरी रीत पुंजण्याची. धान कापलं की त्याच्या पेंढ्या शेतात घरासारख्या रचून ठेवतात, तेच पुंजणं. मग गावात हडंबा येतो, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीचं यंत्र. तो प्रत्येकाच्या शेतावर पाळीपाळीनं जातो. आपली पाळी यायच्या आदल्या संध्याकाळी अन्नपूर्णेला शेतावर न्यायचं, पुंजण्यात पेंढ्यांच्या खोबणीत बसवायचं, दिवा लावायचा, नारळ फोडायचा आणि देवीला घरी आणायचं. दरवर्षी हे आबा करतात. गेल्या वर्षी आबा रजईत होते, म्हणून मी केलं. आणि मी करायचं म्हणजे यादी आलीच.

यादी अशी होती: पूजेचं सामान घेणे, देवी शेतावर नेणे, पूजा, देवी घरी आणणे, उद्याच्या तेरा माणसांच्या जेवणाचा तांदूळ काढून ठेवणे. प्रत्येक काम झालं की समोर बरोबरची खूण. माझी आठवण मला दगा देते, यादी देत नाही, असा माझा ठाम विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून देवघरात बसले, तर वाटीत नुसतं धान! देवी नाही.

मी शांतपणे यादी काढली. "देवी नेणे", खूण. "पूजा", खूण. "देवी घरी आणणे", समोर कोरी जागा! "तांदूळ काढून ठेवणे", खूण. यादी खोटं बोलणार नाही. देवी पुंजण्यातच राहिली होती! आणि पूजेनंतर आभाळ भरलेलं पाहून शेवंतानं वर आणखी शंभर पेंढ्या रचून ताडपत्री ओढली होती. (शेवंता आपल्या शेतावर तिच्या लग्नापासून काम करते. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.)

शाल गुंडाळून मी शेतावर धावले. तिथे हडंबा येऊन घरघरत होता. हडंबेवाला सुकराम मफलर सोडून कामाला लागणार, तोच मी दोन्ही हात पसरून पुंजण्यापुढे उभी राहिले.

"थांबा! आत देवी आहे!"

सुकरामनं आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कोनाच्या अंगात, बाई?"

"अंगात नाही रे, पुंजण्यात! पितळेची! काल मी विसरले!"

सुकरामचं तोंड उतरलं. "अवो बाई, पितळ अंदर गेलं त माया हडंब्याचे दात जातीन! मी नाही चालवत." वर पाहून तो पुढे म्हणाला, "आभाळ पाहा. मी चाललो दुसऱ्याच्या शेतावर. तुमची पाळी आता आठ दिवसांनी."

आठ दिवस! आभाळ तर ओल्या घोंगडीसारखं खाली आलं होतं. वर्षभराचं धान पावसात जाणार, आणि तेही माझ्यामुळे! आणि सासूबाईंची देवी त्या ढिगात. शेवंतानं कमरेवर हात ठेवले. "बाई, तुमी येवढ्या शिकलेल्या. पोराईच्या पेनाचं टोपन बी हरवू देत नवत्या. अन् देवी कशी हरवली?"

"यादीत खूण राहिली," मी म्हणाले.

"मंग यादीलेच लावा आता पेंढ्या काढाले!"

घरी परत येऊन मी रजईपुढे उभी राहिले. काय सांगणार? पण सांगितलं. "अहो, आईंची अन्नपूर्णा पुंजण्यात राहिली. सुकराम निघून चाललाय."

रजई हलली नाही. मग आतून आवाज आला, "काय म्हनलं?"

"आईंची अन्नपूर्णा."

मुलांनो, आबांना त्या वेगानं उठताना मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं! एका पायात मोजा, दुसरा उघडा. टोपी उलटी. कुरकुरणारा गुडघा कुरकुरायलाच विसरला. ते तसेच मंदिराकडे निघाले. काकडआरती नुकतीच संपली होती, मंडळी प्रसाद घेत उभी होती. आबांनी पायरीवरूनच हाक दिली, "अरे, मायी माय धानात अडकली! चला!"

नवीन माणसाला या वाक्याचा अर्थ कळला नसता. आपल्या गावाला कळला. कोणी टाळ हातात घेऊन, कोणी प्रसादाचा द्रोण तोंडाला लावून, सगळी आरती आपल्या शेतात आली! सुकराम हडंबा वळवतच होता, तो गर्दी पाहून थांबला.

आणि मग तुमच्या आबांनी जे केलं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. एक नजर पुंजण्यावर, एक आभाळावर टाकून त्यांनी माणसांची रांग लावली. पुंजण्यावर चार जण. प्रत्येक पेंढी आधी झटकायची, मग दुसऱ्यानं बोटांनी चाचपायची, तिसऱ्यानं पुढे द्यायची, आणि तपासलेली पेंढी थेट हडंब्यात. "देवी बी शोधू अन् मळनी बी करू," आबा म्हणाले. "सुकराम, चालू कर. तुया हडंब्याच्या एका बी दाताले काही झालं, त माये सगळे दात काढून देईन."

"तुमचे त आठच उरले, आबाजी!" सुकराम म्हणाला आणि त्यानं यंत्र सुरू केलं.

काय सांगू तुम्हाला! थंडीनं तोंडातून वाफा निघत होत्या, आणि तासाभरात लोकांनी स्वेटर काढून बांधावर टाकले. कोणीतरी अभंग धरला. आबा पुंजण्यावर उभे राहून ताल देत होते, चुकार लोकांना दटावत होते, मध्येच लोंबी हातावर चोळून "पाहा, दाना पाहा!" म्हणून सगळ्यांना दाखवत होते. दिवाळीपासून रजईत होता तो माणूस कोण होता, देव जाणे!

मी घरी स्वयंपाकाला गेले. तेरा माणसांचा तांदूळ काढलेला होता. आता जेवायला होती तीसच्या वर. म्हणून तांदळाची कोठी उघडली आणि हात आत घातला.

हाताला काहीतरी गार लागलं.

वर काढलं. अन्नपूर्णा! हातात पळी, चेहऱ्यावर तेच हसू.

तेव्हा सगळं आठवलं. संध्याकाळी ओटीत धरून मी तिला घरी आणलं होतं. तांदूळ काढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून तिला क्षणभर कोठीतच तांदळावर ठेवलं. मग तांदूळ काढला, झाकण लावलं आणि त्या कामापुढे मोठ्या समाधानानं खूण केली.

खरं म्हणजे तेव्हाच धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलेही. तिथून शेत दिसतं. अर्धं पुंजणं अजून उभं होतं. आभाळ काळं झालं होतं. आणि वर आबा, उलटी टोपी, एक मोजा, हात हवेत. मी "सापडली" म्हणाले, तर रांग मोडणार, लोक घरी जाणार आणि आबा रजईत. म्हणून मी गप्प राहिले. (अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं म्हणजे माझं नाक. मी तीस वर्षं मुलांना व्यवस्थितपणा शिकवलाय!)

जेवणाच्या टोपलीबरोबर देवीला ओटीत लपवून मी शेतावर आले. लोक जेवले, पुन्हा रांगेत लागले. पुंजण्याचा शेवटचा थर आला. सगळे आभाळाकडे बघत असताना मी खाली वाकले आणि देवीला एका पेंढीत खोचलं. आता शेवंता ती उचलेल, झटकेल आणि ओरडेल, अशी माझी योजना होती. उत्तम योजना! फक्त यादीत सुकराम नव्हता. थेंब पडायला लागले म्हणून तो घाईनं आला, त्यानं नेमकी तीच पेंढी उचलली आणि न झटकताच हडंब्याकडे निघाला!

"ती नको! ती पेंढी नको!" मी अशी किंचाळले, की बांधावरचे बगळे उडाले.

सुकराम जागीच थिजला. "काहून, बाई?"

"काहीतरी... चमकल्यासारखं दिसलं."

सूर्याचा पत्ता नव्हता. तरी सुकरामनं पेंढी झटकली, आणि अन्नपूर्णा टपकन आबांच्या पायाशी पडली. एकच जयघोष झाला! आबांनी तिला उचलून कपाळाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मीही डोळे पुसले. माझी कारणं वेगळी होती.

शेवटचं पोतं आत आलं आणि पाऊस कोसळला. गावातल्या इतर पुंजण्यांवर ताडपत्र्या होत्या, आपलं सगळं धान घरात! ओसरीवर सगळे चहा पीत होते. आबा देवीला तळहातावर घेऊन निरखत होते.

"बाई," ते म्हणाले. (मला चिडवायचं असलं की ते गावासारखं ‘बाई’ म्हणतात.) "एक इचारू?"

"विचारा ना."

"आपली देवी बसते धानावर. काल गेली धानात. आज निघाली धानातून." त्यांनी तळहात माझ्यासमोर धरला. देवीच्या पळीत, हाताच्या बेचक्यात, एक पांढराशुभ्र दाणा अडकून बसला होता. "मंग पुंजण्यातल्या पुंजण्यात हा तांदूळ कोनं कांडला?"

मग शेवंतानं पदर तोंडात कोंबला. सुकरामचा चहा नाकातून आला. नंतर कळलं, की देवी खाली पडली तेव्हाच रांगेतल्या निम्म्या लोकांनी तो दाणा पाहिला होता! बाईंचा मान राहावा म्हणून कोणी बोललं नव्हतं.

मी सगळं कबूल केलं. आबा पोट धरून हसले, मग डोळे पुसून म्हणाले, "बटई-फटई काही नाही. पुढच्या साली बी मीच शेती करतो. तू अजून काय काय हरवतं, ते पाहाचं हाय मले."

ईरा, आज पुन्हा तीच थंडी आहे. तुझे आबा पहाटेच आरतीला गेलेत, मोजे दोन्ही पायांत आहेत. उद्या आपली हडंब्याची पाळी. मी यादी केली आहे, आणि यंदा तिच्यात शेवटी एक ओळ वाढवली आहे: "देवी लपवण्याआधी नीट पुसून घेणे."