दारापाशी हळू होणारा ठेका

भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या घराचा ओटा, मध्ये परात, एका बाजूला मी आणि समोर माझा धाकटा भाऊ दिलीप. माझ्या मांडीवर त्याच्या नव्या ड्रम मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक. मी कॉन्व्हेंटची, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी एक वाक्य मराठीत सांगायची, तो एक बटण दाबून बघायचा. एक दाणा परातीत, एक तोंडात.

"अक्का, तुमच्या सिस्टर हे शिकवत होत्या हे माहीत असतं तर मीही कॉन्व्हेंटात गेलो असतो."

"मुलींच्या?"

"मग तर नक्कीच."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. दोन कॅसेट डेक, एक छोटा कीबोर्ड आणि हे मशीन एवढ्यावर दिलीप घरी नाचाचं संगीत तयार करायचा. एका धूनखाली तर त्याने केळीच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनाची धकधक टेप करून घातली होती. आम्हा सगळ्यांना हे वेड वाटायचं. नानांनी, म्हणजे वडिलांनी, शेवटी सांगून टाकलं, "श्रावणापर्यंत बघ. नाहीतर धुळ्याला काकाच्या दुकानात बसायचं."

तेवढ्यात माझी शाळेतली मैत्रीण कुसुम दोंडाईच्याहून माहेरी आली. दिलीपची धून ऐकून म्हणाली, "आमच्या कानबाईच्या विसर्जनाला वाजवशील?" कानबाई ही आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी. रविवारी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. दिलीपने लगेच होकार दिला. सोबतीला मी.

शनिवारी सकाळी जळगावहून एसटीने निघालो. बाकीचं सामान टपावर, पण मशीन गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कंडक्टर वाकून म्हणाला, "ताई, बाळाचं अर्धं तिकीट फाडू का?" एरंडोलपर्यंत अख्खी गाडी हसत होती. पारोळ्याला गरम भजी खाल्ली. तेव्हा हा रस्ता अरुंद होता, ट्रकमागे रांगत जावं लागायचं. आता तुम्ही भुर्रकन पोहोचाल. धुळ्याला मात्र उतरा आणि शेवभाजी खा. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. सांगूनही उपयोग होत नाही, पण सांगा. तिथून दुसऱ्या एसटीने दोंडाईचा.

रविवारी कुसुमच्या घरी कानबाई बसली. रोट, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्या, फक्त भाऊबंदांनीच खायच्या असतात, म्हणून आम्हा पाहुण्यांची पानं शेजारी वाढली. तुम्ही गेलात आणि असं झालं तर मनाला लावून घेऊ नका. शेजारची गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी मी अजून विसरलेले नाही.

सोमवारी हातगाडीवर बॅटरी, अँप्लिफायर, भोंगा आणि दिलीप. त्याने कॅसेट लावली. इंजिनाची धकधक सुरू होताच एक बाई ओरडली, "हाई ते आम्हना मळानं इंजिन शे वं!" आणि बायका नाचायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

पहिलं दार आलं. घरातली सून आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, बायकांनी गाणं धरलं, आणि कॅसेट आपली धडाधड पुढे. दिलीपने घाईने बंद केली. आरती झाल्यावर पुन्हा लावली, तर पहिल्याच ठोक्याला फुगडी घालणाऱ्या दोघी दचकून सुटल्या. दुसऱ्या दाराशीही तेच. तिसऱ्या दारानंतर बायका गाडी मागे ठेवून चालू लागल्या. दिलीपचा चेहरा पडला. धुळ्याचं दुकान त्याला समोर दिसत असणार.

कुसुमच्या सासूबाई, तापीअक्का, मागे वळल्या. "भाऊ, तुनं मशीन दम खात नई का? माय दारोदार थांबस, अन् तू पयस!" खरंच होतं, देवी थांबत होती आणि मशीन पळत होतं.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, वेगाचं बटण कोणतं म्हणाली होतीस?"

"उजवीकडचं. चालू असतानाही फिरतं."

त्याने कॅसेट काढून खिशात घातली. नुसतं मशीन ठेवलं आणि ते हाताने वाजवायला लागला. पुढचं दार आलं तसं त्याने वेग उतरवला, आवाज उतरवला. गाण्याखाली एकच ठोका राहिला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. आरती संपली तसा तो ठोका हळूहळू वर आला. कुणाचा पाय चुकला नाही. "आते जमनं!" म्हणत तापीअक्कांनी पदर खोचला आणि फुगडीला हात पुढे केले. नदीपर्यंत दिलीपने एकदाही मान वर केली नाही. तो फक्त बायकांच्या पायांकडे बघत होता.

परत येताना पॅसेंजरने आलो. अमळनेर गेल्यावर तो माझ्या खांद्यावर झोपला. घरी नानांनी विचारलं, "काकाला काय कळवू?"

"लग्नं असतील तर कळवा म्हणावं."

लग्नं आली. मग त्याच्या स्वतःच्या कॅसेटी आल्या, टेम्पो आला, आणि टेम्पोवर 'डीजे दिलीप' हे नाव नानांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतलं. गर्दी कितीही असो, दिलीपची नजर कायम नाचणाऱ्यांच्या पायांवर असायची.

गेल्या हिवाळ्यात दिलीप गेला. त्याचं सामान माझ्या पुण्याच्या घरी कपाटात आहे. मुलांनो, माझा ब्लॉग तुम्ही वाचता असं म्हणता, म्हणून इथेच सांगून ठेवते. कीबोर्ड दिलीपच्या मुलीला, मुक्ताला. दोन्ही कॅसेट डेक कुसुमला. तिच्याकडे त्याच्या कॅसेटी अजून आहेत. माहितीपुस्तक माझ्यापाशी राहू द्या, त्याच्या पानांत शेंगांची टरफलं आहेत. ड्रम मशीन तापीअक्कांच्या नातीला, लताला. कानबाईची गाणी आता तीच उचलते. देताना उजवीकडचं बटण तिच्या बोटांनी फिरवून घ्या. आणि सांगा, दार आलं की बंद करायचं नाही. हळू करायचं.