उजवीकडचा बुश

त्याला सगळे फोरमन म्हणत. तरुणपणी एका बस डेपोत त्यानं सात महिने फोरमनच्या हाताखाली काम केलं होतं, एवढंच. स्वतः तो फोरमन कधीच नव्हता. पण हे त्याच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती आणि त्यानं आपणहून सांगायचं काही कारण नव्हतं.

माणूस हाताचा सोन्यासारखा आणि तोंडाचा फटकळ. फटकळसुद्धा सौम्य शब्द झाला. जगात कुणालाच काही येत नाही, ही त्याची ठाम समजूत होती, आणि ही समजूत तो रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करताना त्याच्याबरोबरच वर करायचा. गाडी घेऊन कुणी आलं आणि म्हणालं, "आवाज येतोय," तर हा म्हणायचा, "गाडीला तोंड आहे, आवाज येणारच. तुम्हाला कान कधी फुटले ते सांगा." सुट्या भागांच्या दुकानदाराला तो खोकीवाला म्हणायचा. आत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, तो फक्त खोकी विकतो, असं त्याचं म्हणणं. समोर रस्त्यापलीकडे काचेच्या दारांचं नवं गॅरेज झालं होतं. तिथली माणसं हातमोजे घालून काम करत. फोरमन त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "ते गाडी दुरुस्त नाही करत, तिच्याशी हात मिळवतात."

त्याचं स्वतःचं गॅरेज म्हणजे वर पत्रा, तीन बाजूंनी भिंती, आणि एका भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे त्यानं काळ्या रंगानं त्याची आकृती काढून ठेवली होती. पाना कुणी हलवला तर भिंतीवर त्याची सावली तेवढी उरायची आणि चोर लगेच सापडायचा. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या, ग्रीसच्या वासात तरंगत राहायच्या. त्या उजेडात फोरमन बाकड्यावर बसलेला असला की एखाद्या पदच्युत राजासारखा दिसायचा.

राज्य होतं ते जमिनीखाली. गॅरेजच्या मधोमध छातीइतका खोल खड्डा होता. गाडी वर उभी करायची आणि आपण खड्ड्यात उतरून तिच्या पोटाखाली काम करायचं, असं त्यानं अठ्ठावीस वर्षं केलं. खड्ड्याच्या भिंती तेलानं काळ्या आणि गुळगुळीत झाल्या होत्या. वरची माणसं त्याला नुसती बुटांवरून ओळखू येत. एवढी वर्षं जगाचे तळवेच बघितलेला माणूस जगाविषयी चांगलं मत कुठून करून घेणार?

गेल्या वर्षी गुडघे गेले. बायकोनं धोशा लावला, "लिफ्ट बसवा, नाहीतर एक दिवस खड्ड्यात उतराल ते आम्हालाच वर काढावं लागेल." शेवटी लिफ्ट आली. दोन खांबांच्या मधोमध गाडी डोक्याच्या उंचीवर उचलली जायची, चारही चाकं हवेत लोंबायची, आणि फोरमन तिच्याखाली ताठ मानेनं उभा राहून काम करायचा. खड्डा विटामातीचं राबिट टाकून भरला, वर सिमेंट केलं. आता तो उंचीनंही लोकांच्या बरोबरीला आला होता, त्यामुळे त्याचा तोरा आणखी वाढला.

त्याची धाकटी बहीण शाळेची व्हॅन चालवायची. चौदा वर्षं एकच शाळा, एकच रस्ता, अकरा मुलं. नवरा गेल्यापासून घर त्या व्हॅनवर चाललं होतं. या व्हॅनच्या पुढच्या डाव्या चाकाचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात, त्याच्या सांध्यातला रबराचा बुश फाटला. खडखड सुरू झाली. दादानं बुशासकट नवा आर्म बसवून दिला. पाच आठवड्यांत पुन्हा खडखड. त्यानं पुन्हा नवा बसवला. चौथ्याच आठवड्यात ब्रेक मारला की व्हॅन डावीकडे ओढायला लागली आणि मागच्या सीटवरची एक चिमुरडी म्हणाली, "मावशी, गाडी दात वाजवते."

हे मुलीनं घरी सांगितलं. घरून ते शाळेत गेलं. शाळेतल्या व्यवस्थापक बाईंनी धाकटीला बोलावून सांगितलं की तीन महिन्यांत तीनदा एकच भाग का गेला, ते मेकॅनिककडून सहीनिशी लिहून आणा. सोमवारी सकाळी कागद टेबलावर हवा. नाही आला, किंवा कारण पटलं नाही, तर सोमवारपासूनच मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये बसतील.

शनिवारी दुपारी धाकटी गॅरेजवर आली तेव्हा फोरमन बाकड्यावर चहा पीत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला, बिलाच्या वहीतला एक कागद फाडला आणि मांडीवर धरून झरझर लिहिलं: गतिरोधकावरून गाडी वेगात नेल्यामुळे बुश फाटला.

धाकटीनं वाचलं. "दादा, हे दिलं की मी घरी."

"खरं ते लिहिलंय. तू गाडी चालवतेस का उडवतेस हे मला विचारू नकोस."

"चौदा वर्षं मीच चालवतेय."

"चौदा वर्षं मीच दुरुस्त करतोय, म्हणून चाललीय."

"बरं. मग रबर खराब असं लिही."

"रबर खराबच आहे. पूर्वीचं रबर दातांनी तुटायचं नाही. आता खोक्यावर चित्र चांगलं असतं. लिहू तसं?"

"नको. खराब रबराच्या गाडीत मुलं कोण बसवेल." तिनं व्हॅनकडे बघितलं. "उजवीकडचा बुश कुणी बसवला होता?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतो का?"

"कधी?"

"झाली असतील सहा वर्षं."

"त्याच दुकानातून आणला होतास. त्याच कंपनीचा. तो कसा नाही फाटला? उजवीकडून मी हळू चालवते का?"

फोरमननं नाकानं हवा सोडली. "उजवीकडे रस्ता बरा असतो."

धाकटी हसली नाही. कोपऱ्यात भंगाराचं पिंप होतं, त्यात हात घालून तिनं दोन जुने आर्म ओढून काढले आणि त्याच्या पुढ्यात बाकड्यावर ठेवले. "हे बघ. दोन्ही एकाच जागी फाटलेत."

"भंगार बघायला भंगारवाला येतो."

"तू एकदाही बघितलं नाहीस ना?"

खरंच त्यानं बघितलं नव्हतं. काढायचं, पिंपात फेकायचं, खोकीवाल्याला आणि बहिणीला चार शब्द सुनवायचे, नवीन बसवायचं, की काम झालं. ज्याच्याविषयी मत आधीच तयार असतं ते बघायचं कशाला?

"व्हॅन ठेवून जाते," धाकटी म्हणाली. "उद्या सकाळी येईन. कागद तुझा, सही तुझी. काय लिहायचं ते तू बघ. मी परत सांगणार नाही." आणि पर्स काखेत मारून ती चालत निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मग तोही थांबला.

फोरमननं शिव्या देत व्हॅन लिफ्टवर घेतली. पहिली शिवी खोकीवाल्याला, दुसरी शाळेला, तिसरी हातमोजेवाल्यांना, त्यांचा यात काही संबंध नसताना. बॅटरी पेटवून तो खाली उभा राहिला. डाव्या बुशाचं रबर फाटलं होतं, पण सरळ होतं, निवांत. त्यानं प्रकाश उजवीकडे वळवला. उजवं रबर पिळलेल्या फडक्यासारखं दिसत होतं. त्याला बरं वाटलं. हेही जातंय तर. बहिणीला दाखवायला बरं होईल.

मग त्यानं लिफ्ट खाली आणली. चाकं जमिनीला लागली, व्हॅन आपल्या वजनानं जराशी बसली. गुडघे कुरकुरत असताना तो एका कोपरावर आडवा झाला आणि सहज म्हणून पुन्हा प्रकाश टाकला. उजवं रबर आता सरळ होतं. आणि डावं पिळलं होतं. इतकं पिळलं होतं की फाटलेली भेग तोंड उघडावं तशी उघडली होती.

तो तसाच पडून राहिला.

अठ्ठावीस वर्षं त्यानं खड्ड्यातून काम केलं. पुढचं चाक जॅकवर घ्यायचं, आर्म बसवायचा, चाक लावायचं, जॅक काढायचा. बुशाला पकडून ठेवणारा शेवटचा नट वरून हाताला लागायचा नाही, म्हणून मग खड्ड्यात उतरून खालून आवळायचा. गाडी तोवर आपल्या चारही पायांवर उभी असायची. रबर त्याच ठेवणीत कायम व्हायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि असं का करायचं हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं. हात पोचत नव्हता म्हणून झालेली सवय, आणि तो तिला विद्या समजून बसला होता. लिफ्ट आली तशी चाकं हवेत लोंबत असतानाच त्यानं नट आवळायला सुरुवात केली. ताठ उभं राहून, आरामात. गाडी खाली उतरली की रबर पिळलं जायचं, आणि पिळलेल्या रबराला प्रत्येक गतिरोधक आणखी पीळ द्यायचा.

इतकी साधी गोष्ट होती. हातमोजे घालून काम करणाऱ्या पोरांनाही ठाऊक असेल अशी. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी साठवलेला सगळा तुच्छपणा पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि तो किती घाण दिसतो हे त्याला पडल्या पडल्या कळलं.

त्यानं नवा आर्म बसवला, नट सैलच ठेवले आणि चारही चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवून गाडी त्यांवर उतरवली. मग दोन पोती अंथरून पाठीवर सरपटत खाली शिरला. पोट आडवं येत होतं. बायको जेवायला बोलवायला आली तर तिला व्हॅनखालून दोन पाय दिसले.

"अहो, लिफ्ट कशाला आहे मग?"

"पुढून दाब. बोनेटवर. गाडी नीट बसली पाहिजे."

तिनं पदर खोचून दाबलं. "आणखी?"

"हळू. गाडी आहे, कणीक नाही."

"कणीक तुमच्यापेक्षा ऐकते," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं.

रस्त्यापलीकडच्या काचेच्या दारात एक हातमोजेवाला चहा घेऊन उभा होता आणि इकडेच बघत होता. फोरमनला त्याचे फक्त बूट दिसत होते. त्यानं पाना घट्ट पकडला आणि नट आवळला.

रविवारी सकाळी धाकटी आली. त्यानं कागद पुढे केला. नट आवळण्याच्या पद्धतीत थोडा फरक पडल्यामुळे, असं काहीतरी त्यावर होतं.

"हे कुणाला कळणार?" धाकटी म्हणाली. "शाळेतल्या बाईंना?"

"त्यांना काय कळतंय."

"त्यांनाच द्यायचंय."

त्यानं कागद परत घेतला, चुरगळला. वहीतलं नवं पान फाडलं. या वेळी मांडीवर न लिहिता बाकड्यावर ठेवून, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. धाकटी त्याच्या खांद्यावरून वाचत होती आणि तो तिला हाकलत नव्हता.

गाडी उचललेली असताना मी नट आवळले. ते गाडी जमिनीवर उभी असताना आवळायचे असतात. म्हणून रबर पिळलं आणि फाटलं. चूक माझी आहे, चालवणाऱ्या बाईंची नाही. रबरही चांगलं आहे. आता बरोबर आवळले आहेत.

खाली सही केली. शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"रबर चांगलं आहे हे लिहिताना फार त्रास झाला?" धाकटीनं विचारलं.

"त्या खोकीवाल्याला सांगू नकोस."

ती व्हॅनमध्ये बसली. गॅरेजच्या तोंडाशी गटारावरची फरशी जरा उचललेली आहे, तिथं गाडी नेहमी आपटायची. फोरमन कान लावून उभा राहिला. खडखड आली नाही.

"ब्रेक किती उशिरा मारते बघ," तो शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोला म्हणाला.

सोमवारी व्यवस्थापक बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि धाकटीला विचारलं, "मेकॅनिक लोक असं स्वतःहून लिहून देतात?"

"माझा भाऊ आहे," धाकटी म्हणाली. "तीन महिने लागले त्याला." आणि बाहेर येऊन तिनं व्हॅनचं दार उघडलं. अकरा मुलं ढकलाढकली करत आत चढली.