आधी हात बाहेर, मग ‘निघालो’

आकडा चुकला की तुम्ही आधी कुणाकडे बघता? मशीनकडे, की मशीनवर बसलेल्या बाईकडे?

आमच्या गावानं बाईकडे बघितलं. ती माझी काकू. डेअरीत दुधाचं फॅट मोजायच्या मशीनवर ती बसते. फॅटवरच दुधाचा भाव ठरतो. गेल्या उन्हाळ्यात अधूनमधून एकाचं फॅट दुसऱ्याच्या नावावर उमटू लागलं.

रांगेतून एक जण म्हणाला, “वहिनी, माझी म्हैस एका रात्रीत गाय झाली व्हय?”

“मशीन दावतंय तेच वाचते मी, भावजी.”

“आन् मशीनचं बटन कोन दाबतं?”

रांग हसली. काकूनं मान खाली घातली आणि पुढची बरणी घेतली.

त्या मशीनचा बोर्ड मी नगरला जिथं नोकरी करतो त्याच कंपनीचा. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राकडून आकडा घेऊन वर पोचवणारा, सिस्टीमच्या गाभ्यातला (कर्नेलमधला) कोड, माझ्या आधी कुणीतरी लिहिलेला. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो कधीच चुकेना. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. पत्रकात दोषी कोण ते पहिल्याच ओळीत सापडतं. इथं ओळीमागून ओळी वाचून डोळे शिणले, तरी काही सापडेना.

शेवटी आठवलं काकूचं माहेर. शनीचं शिंगणापूर, तिथं कुठल्याच घराला दार नाही. लहानपणी तिच्याबरोबर जायचो. बाहेरून हाक मारायची, ओ आली तरच आत जायचं. निघताना सांगायचं, ‘निघालो’. कुलपावाचून तिथं सगळं चालायचं ते या रीतीवर.

हा कोडही बिनकुलपाचा होता. मेमरीतली एक जागा, समजा एक भांडं, कोडचे किती भाग वापरताहेत, याची नुसती मोजणी. प्रत्येकानं जाताना एक वजा करायचा, शून्य झालं की जागा दुसऱ्याला. पण बोर्डावरचा प्रोसेसर घाईचा. क्रम पाळ असं बजावलं नाही तर कामं पुढंमागं करतो. तो ‘निघालो’ आधी म्हणत होता, हात अजून भांड्यातच. तेवढ्यात भांडं दुसऱ्याला दिलेलं, आणि याचा आकडा त्याच्या भांड्यात. लॅपटॉपचा प्रोसेसर इथं क्रम आपणहून पाळतो, म्हणून तिथं सगळं सोवळं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मध्ये थोडा डिले टाक आणि पाठवून दे. गिऱ्हाइकाला थिअरी नको असते.”

“डिलेनं चूक कमी वेळा दिसेल, सर. जाणार नाही.”

“कमी दिसली तरी पुष्कळ झालं.”

भांडलो. ओरडलोही. मग त्यांना न विचारता साध्या वजाबाकीच्या जागी क्रम सांभाळून वजा करणारं फंक्शन घातलं, बोर्डावर रगडून तपासलं, तेव्हा कुठं त्यांनी सही केली. एका ओळीचा बदल. जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही, नुसती झोप येत होती.

आकडे सुधारले. गावी गेलो तेव्हा काकू चुलीपुढं बसली होती.

“आता बरं हाय ना, काकू?”

“मशीन बरं हाय. लोक म्हनत्यात, बोभाटा झाल्यावर बाई सरळ झाली. आता बरोबर येतंय, म्हंजे आधी मी चोरतच हुते!”

यावर कुठला कोड लिहू?

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या डेअरीत आकडा खटकला, तर तोंड उघडण्याआधी नमुना पुन्हा लावायला सांगा. आणि मशीनवरच्या बाईला चोर म्हणून झालं असेल, तर उद्या सकाळी रांगेत, जे हसले त्यांच्यासमोर, तो शब्द मागे घ्या.