मॅचिंगच्या दुकानातले तीन फोटो

रविवार, सकाळचे दहा. हजर: मामा, मामी, मी आणि स्टँडवर कॅमेरा. ठिकाण: गुलमंडीतलं मामांचं मॅचिंगचं दुकान.

सोमवारी जागा मालकाच्या ताब्यात द्यायची होती. त्याआधी मामांना एक फोटो हवा होता. गादीवर ते, बाजूला अस्तरांचे कप्पे आणि पलीकडे दारातून दिसणारा रस्ता. दुकान बोळासारखं खोल. मोबाईलवर काढलं की रस्ता पांढराफटक, नाहीतर कप्पे काळेकुट्ट. म्हणून मी घरूनच लिहून आणलं होतं: कॅमेरा हलवायचा नाही. लागोपाठ तीन फोटो घ्यायचे, रस्त्यासाठी अंधारा, मग मधला, मग कप्प्यांसाठी उजळ. ते कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. चौथ्या ओळीखाली दोन रेघा होत्या: मामांनी हलायचं नाही.

मामा हलले. रस्त्यावरून कुणी "काय शेठ!" म्हटलं की त्यांचा हात वर. पहिल्या खेपेला तीन फोटोंत हात तीन जागी.

"मामा, दोन सेकंद."

"आता माणसानं हाक मारली तर काय भिंतीकडं बघू?"

मामी म्हणाल्या, "लग्नातबी असंच. एका फोटोत धड नाय हे."

दुसरी खेप वाया. तिसरीही. मी मामींना दारात उभं केलं, येणाऱ्याला थांबवायला. तरी पिशोरहून आलेली एक बाई त्यांना ओलांडून आत शिरलीच.

"फोटोबिटो नंतर काढा. या साडीच्या ब्लाउजला अस्तर द्या आधी. लई दुकानं फिरले."

तिनं साडी टाकली. मामांनी तीन तागे काढले, एकेक साडीच्या काठाला लावला आणि दाराच्या उजेडाकडे धरून बघत राहिले. पापणीसुद्धा हलेना. रंग जुळवताना ते असेच थिजतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि यादीत लिहायचं सुचलं नव्हतं. मी बटण दाबलं. तिन्ही फोटो मिळाले, मामा तिन्हींत जागच्या जागी.

बाईला अस्तर मिळालं. संध्याकाळी दुकान रिकामं झालं.

आठवड्यानं एकत्र केलेला फोटो मामांना दाखवला. रस्ता स्वच्छ, कप्पे उजळ. मामी खूश. मामांनी चष्मा वर केला, पडद्यावर बोट ठेवलं.

"हा कप्पा चुकला. इथं डाळिंबी आन् मरून शेजारी व्हते. तू दोन्हीचा एकच रंग केला."

"मामा, कोण बघणार आहे?"

"मी."

दुकान आता नाही, फोटो पुन्हा काढता येणार नाही. पण सर्वांत उजळ फोटो मोठा करून पाहिला, त्यात दोन्ही रंग वेगळे आहेत. म्हणजे चूक एकत्र करतानाची, माझी. आजवर चार वेळा पुन्हा जुळवलं. दरवेळी डाळिंबी मरूनपासून वेगळा केला की रस्ता फिकटतो. ‘वरून तिसरा कप्पा’, यादीत नंतर लिहिलेली ही एकच ओळ खोडायची राहिली आहे.